एक्झिक्युटर दुसऱ्या राज्यात राहत असेल तर : मृत्युपत्र करणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घर पुण्यात किंवा नाशकात, मुलगी बेंगळुरूला, मुलगा अमेरिकेत. मृत्युपत्र करायला बसले की पहिली अडचण येते ती इथेच : ज्याच्यावर विश्वास आहे तो जवळ नाही आणि जो जवळ आहे त्याच्यावर सगळे सोपवायला मन होत नाही. कायदा लांबच्या माणसाला अडवत नाही. अडते ते सह्या, मूळ कागद, साक्षीदार आणि जागेवरची धावपळ यांपाशी. यातले बहुतेक सगळे मृत्युपत्र करणाऱ्याला हयातीतच सोपे करून ठेवता येते. म्हणून खालची उत्तरे मुख्यतः त्याच्यासाठी आहेत.

उत्तरांत वेगळे सांगितले नसेल तिथे कायदा म्हणजे भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ आणि मालमत्ता महाराष्ट्रातली, असे धरावे. मुस्लिम व्यक्तींच्या मृत्युपत्राला मुस्लिम व्यक्तिगत कायदा लागतो. त्यात वारसांच्या संमतीशिवाय एक तृतीयांशापेक्षा जास्त मालमत्ता मृत्युपत्राने देता येत नाही, त्यामुळे त्यांनी स्वतंत्र सल्ला घ्यावा.

१. एक्झिक्युटर म्हणजे नेमके कोण? त्याला मालमत्ता मिळते का?

मृत्युपत्रात लिहिलेले प्रत्यक्षात आणणारा माणूस म्हणजे एक्झिक्युटर. मराठी मृत्युपत्रांत त्याला बहुधा ‘व्यवस्थापक’ म्हणतात, सरकारी मराठीत ‘निष्पादक’. मालमत्ता गोळा करणे, अंत्यविधीचा खर्च व देणी भागवणे आणि उरलेले ज्याचे त्याला देणे, हे त्याचे काम. कलम २११ प्रमाणे मृत्यूनंतर सगळी मालमत्ता कायद्याने त्याच्याकडे येते, पण ती सांभाळण्यापुरती. स्वतःसाठी त्याला काही मिळते ते मृत्युपत्रात त्याच्या नावे काही ठेवले असेल तरच. मुलगा किंवा मुलगी एकाच वेळी एक्झिक्युटर आणि लाभार्थी दोन्ही असू शकतात. त्यातली एक खोच प्रश्न १६ मध्ये पाहा.

२. दुसऱ्या राज्यात किंवा परदेशात राहणाऱ्याला नेमता येते का? त्याने परदेशी नागरिकत्व घेतले असेल तर?

येते. कलम २२३ ने प्रोबेट (मृत्युपत्रावरचे न्यायालयाचे शिक्कामोर्तब, प्रश्न ९ पाहा) नाकारले आहे ते अल्पवयीन व्यक्तीला, मनाने अस्थिर व्यक्तीला आणि नियमांत न बसणाऱ्या संस्थेला. राहण्याचे ठिकाण किंवा नागरिकत्व ही अपात्रता नाही. अमेरिकेतल्या काही राज्यांत बाहेरच्या एक्झिक्युटरवर बंधने असतात. तिथले लेख वाचून इथे अनेकजण घाबरतात, पण ती बंधने इथे लागू नाहीत.

३. मग लांबची विश्वासू मुलगी नेमावी की जवळ राहणारा पुतण्या?

आमचे मत स्पष्ट आहे : विश्वास आधी, अंतर नंतर. बेंगळुरूहून पुण्याला येणे हा एका रात्रीचा प्रवास. हिशेब न देणाऱ्या माणसाकडून हिशेब काढायला मात्र वर्षे जातात. फक्त तीन परिस्थितींत स्थानिक माणूसच मुख्य ठेवावा. शेती कसायला दिलेली असेल, घरात भाडेकरू किंवा कब्जाचा वाद असेल, किंवा चालता धंदा असेल. या गोष्टी दर आठवड्याला जागेवर बघाव्या लागतात, फोनवरून होत नाहीत.

विश्वासाचे कोणीच नसेल तर ट्रस्टी कंपनीला नेमता येते. नेमण्यापूर्वी तिची फी आणि किमान मालमत्तेची अट लेखी घ्या.

४. दोघांना मिळून नेमले तर दोघांच्या सह्या सगळीकडे लागतील का?

मृत्युपत्रात वेगळे लिहिले नसेल तर नाही. कलम ३११ प्रमाणे अनेक एक्झिक्युटर असले तरी ज्याने मृत्युपत्र न्यायालयात शाबीत करून प्रोबेट घेतले आहे, असा कोणीही एक सगळ्यांचे अधिकार वापरू शकतो. घोटाळा होतो तो ‘दोघांनी संयुक्तपणे व एकमताने’ या शब्दांनी. असे लिहिले की एकजण शिकागोत आणि दुसरा सोलापुरात, आणि प्रत्येक कागद कुरिअरने फिरत राहतो.

त्याऐवजी दोघांना ‘एकत्र किंवा स्वतंत्रपणे’ काम करण्याचा अधिकार द्या आणि स्थावर मालमत्तेची विक्री तेवढी दोघांच्या लेखी संमतीने ठेवा. रोजची कामे अडत नाहीत, मोठ्या निर्णयावर दोन डोळे जास्त राहतात. एका एक्झिक्युटरचा मृत्यू झाला तर अधिकार उरलेल्याकडे जातात. त्यासाठी नवे मृत्युपत्र लागत नाही.

५. मृत्युपत्रात नेमके काय लिहावे म्हणजे लांबच्या एक्झिक्युटरला त्रास होणार नाही?

नुसते ‘माझ्या मुलीला व्यवस्थापक नेमतो’ एवढ्यावर थांबू नका. असा मजकूर उपयोगी पडतो :

‘माझी मुलगी अमुक, राहणार बेंगळुरू, हिला मी या मृत्युपत्राची व्यवस्थापक नेमत आहे. ती त्या वेळी हयात नसल्यास, तिने लेखी नकार दिल्यास, किंवा माझ्या मृत्यूनंतर नव्वद दिवसांत लेखी स्वीकृती न दिल्यास माझा पुतण्या तमुक, राहणार पुणे, हा व्यवस्थापक होईल. व्यवस्थापकास माझी स्थावर व जंगम मालमत्ता विकण्याचा, बँक खाती बंद करण्याचा, विवरणपत्रे भरण्याचा आणि कार्यालयीन कामांसाठी प्रतिनिधी किंवा मुखत्यार नेमण्याचा अधिकार राहील. प्रवास, मुक्काम, वकील व कागदपत्रांचा वाजवी खर्च माझ्या मालमत्तेतून भागवावा.’

‘नव्वद दिवसांत लेखी स्वीकृती’ ही अट ठेवल्याने मुलगी आजारी असेल, व्हिसात अडकली असेल किंवा प्रतिसादच देत नसेल, तर पुतण्याला लगेच पुढे येता येते. अट नसेल तर आधी तिला न्यायालयामार्फत विचारावे लागते (प्रश्न १७). मुखत्यार नेमण्याचा अधिकार स्पष्ट लिहिला तर बँकेच्या काउंटरवरचा वाद टळतो. एक्झिक्युटरचे पूर्ण नाव आधार किंवा पासपोर्टवर आहे तसेच लिहा. लग्नापूर्वीचे नाव लिहून ठेवले आणि कागद नंतरच्या नावाचे निघाले, तर प्रतिज्ञापत्रांत दोन महिने जातात.

एक्झिक्युटर बदलायचा असेल तर सगळे मृत्युपत्र नव्याने करण्याची गरज नाही, पुरवणी मृत्युपत्र पुरते. पण त्यावरही दोन साक्षीदार लागतात. मूळ कागदावर नाव खोडून बाजूला सही करणे, हे करू नका.

६. साक्षीदार कोण असावेत? एक्झिक्युटर स्वतः साक्षीदार होऊ शकतो का?

कलम ६३ प्रमाणे किमान दोन साक्षीदार हवेत. त्या प्रत्येकाने मृत्युपत्रकर्त्याला सही करताना पाहिलेले असावे किंवा ‘ही माझीच सही’ असे त्याच्या तोंडून ऐकलेले असावे, आणि स्वतःची सही त्याच्यासमोर केलेली असावी. एक्झिक्युटर असणे साक्षीला बाधक नाही (कलम ६८). तरीही त्याला साक्षीदार करू नका. ख्रिश्चन व पारशी मृत्युपत्रांत साक्षीदाराला किंवा त्याच्या जोडीदाराला ठेवलेली देणगीच बाद होते (कलम ६७). हिंदूंना हे कलम लागू नाही, पण वाद झाला की लाभार्थी साक्षीदारावर संशयाचे बोट पहिले जाते.

एक्झिक्युटर लांब असेल तेव्हा साक्षीदाराचे महत्त्व वाढते. प्रोबेटच्या अर्जावर शक्य असेल तर किमान एका साक्षीदाराची पडताळणी लागते. वाद झाला तर साक्षीदाराला न्यायालयात उभे राहावे लागते. म्हणून दोघेही तुमच्यापेक्षा निदान पंधरा-वीस वर्षांनी लहान, त्याच शहरात मुळे रोवलेले निवडा. फॅमिली डॉक्टर उत्तम, आणि त्यांचा त्याच दिवशीचा ‘मनाने सक्षम आहेत’ असा दाखला सोबत लावता आला तर आणखी चांगले. साक्षीदारांचे पत्ते व फोन नंबर वेगळ्या कागदावर लिहून एक्झिक्युटरला आजच पाठवा. दहा वर्षांनी परक्या शहरातून साक्षीदार शोधणे हे या कामातले सर्वांत थकवणारे काम आहे.

७. मृत्युपत्र नोंदवावे का, आणि मूळ प्रत कुठे ठेवावी?

नोंदणी ऐच्छिक आहे. मृत्युपत्रावर मुद्रांक शुल्क नाही, नोंदणी फी नाममात्र. एक्झिक्युटर परगावी असेल तर नोंदणी कराच, असे आमचे सांगणे. कारण साधे आहे : मूळ प्रत हरवली तरी दुय्यम निबंधकाच्या पुस्तक क्रमांक ३ मध्ये तिची नक्कल राहते. मृत्युपत्रकर्ता हयात असेपर्यंत प्रमाणित प्रत फक्त त्याला किंवा त्याच्या प्रतिनिधीला मिळते. मृत्यूनंतर दाखला देऊन कोणीही अर्ज करू शकतो.

मजकूर गुप्तच ठेवायचा असेल तर नोंदणी अधिनियमाच्या कलम ४२ प्रमाणे सीलबंद लिफाफा जिल्हा निबंधकाकडे ठेवता येतो. लिफाफ्यावर काय आहे आणि कोणाचे आहे एवढेच लिहायचे. तो ठेवल्याची पावती मात्र एक्झिक्युटरकडे पोचलीच पाहिजे.

मूळ प्रत ठेवू नये अशी जागा एकच : तुमचा एकट्याच्या नावाचा बँक लॉकर. लॉकर उघडायला मृत्युपत्र लागते आणि मृत्युपत्र लॉकरात आहे, असा पेच होतो.

८. मृत्यूनंतर लगेच काय करायचे? एक्झिक्युटर चार दिवसांसाठीच येऊ शकतो.

त्या चार दिवसांत जागेवरच होणारी कामे उरका. बाकीची नंतर दुरून होतात.

मृत्यूचा दाखला महापालिका किंवा ग्रामपंचायतीकडून घ्या आणि दहा प्रती मागा. बँका, विमा, सोसायटी, डिमॅट, तलाठी कार्यालय, न्यायालय अशा सगळीकडे एकाच वेळी कामे सुरू करता येतात. मूळ मृत्युपत्र ताब्यात घ्या. त्याचे स्टेपल काढू नका, पंच करू नका. टाचणीची जास्तीची भोके दिसली तरी ‘मधले पान बदलले’ असा आरोप होऊ शकतो. स्कॅन करायचे असेल तर पाने न सोडवता वरून फोटो घ्या. घरातल्या वस्तूंचे, दागिन्यांचे, मीटरच्या आकड्यांचे तारखेसह फोटो काढा आणि दोन साक्षीदारांसमोर यादी करून सह्या घ्या. सोसायटीला व बँकांना मृत्यूची लेखी सूचना देऊन पोच घ्या. मृताचा मोबाइल नंबर बंद करू नका. बँकेचे, म्युच्युअल फंडांचे आणि आयकर खात्याचे ओटीपी त्यावरच येतात. पण त्या ओटीपीने पैसे काढू नका. मृत्यूनंतर एटीएम किंवा यूपीआय वापरून काढलेली रक्कम पुढे प्रत्येक वादात पहिला मुद्दा बनते.

जवळ राहणाऱ्या नातेवाइकांनीही जपावे. अंत्यविधी, घराची राखण, नाशवंत वस्तूंची व्यवस्था यांना हरकत नाही. पण कोणताही अधिकार नसताना भाडे वसूल करणे, सामान वाटून टाकणे असे केले तर कलम ३०३ प्रमाणे तो माणूस ‘स्वतःहून बनलेला एक्झिक्युटर’ ठरतो आणि मालमत्तेच्या हिशेबाला बांधला जातो.

९. प्रोबेट लागतेच का?

डिसेंबर २०२५ पर्यंतचे उत्तर वेगळे होते. मुंबई, चेन्नई व कोलकात्याच्या ठरावीक हद्दीत केलेल्या किंवा तिथल्या स्थावर मालमत्तेबद्दलच्या मृत्युपत्रांना, हिंदू, बौद्ध, शीख, जैन व पारशी व्यक्तींसाठी, कलम २१३ मुळे प्रोबेट सक्तीचे होते. निरसन व सुधारणा अधिनियम, २०२५ ने ते कलम काढून टाकले. त्यामुळे मुंबईतल्या फ्लॅटसाठीही आता केवळ कायद्याची सक्ती म्हणून प्रोबेट घ्यावे लागत नाही. इंटरनेटवरचे जुने लेख वाचताना हे ध्यानात ठेवा.

सक्ती गेली म्हणून उपयोग गेला नाही. प्रोबेट म्हणजे मृत्युपत्र खरे आहे आणि हाच माणूस एक्झिक्युटर आहे, असे न्यायालयाचे शिक्कामोर्तब. जवळचा, ओळखीचा माणूस मृत्युपत्र घेऊन सोसायटीत गेला तर काम होऊन जाते. परगावचा अनोळखी माणूस गेला की ‘दुसरे मृत्युपत्र नाही कशावरून?’ हा प्रश्न लगेच येतो. वारसांत कुरबूर असेल, मृत्युपत्राने एखाद्या मुलाला वगळले असेल, किंवा मोठी स्थावर मालमत्ता विकायची असेल तर परराज्यातल्या एक्झिक्युटरने प्रोबेट घ्यावे. सगळे वारस एकमताने असतील आणि त्यांनी लेखी ना-हरकत दिली असेल तर आधी प्रोबेटशिवाय प्रयत्न करायला हरकत नाही.

महाराष्ट्रात प्रोबेटच्या न्यायालयीन फीला ७५,००० रुपयांची कमाल मर्यादा आहे. वकिलाची फी वेगळी. अर्ज शक्यतो मृत्यूपासून तीन वर्षांच्या आत करा. उशिरा केलेल्या अर्जात विलंबाचा समाधानकारक खुलासा द्यावा लागतो.

१०. फ्लॅट पुण्यात आणि प्लॉट बेळगावात आहे. प्रोबेट दोन ठिकाणी घ्यावे लागेल का?

इथे न्यायालयाची निवड महत्त्वाची. मृताचे कायम वास्तव्य किंवा काही मालमत्ता जिथे होती तिथल्या जिल्हा न्यायालयात अर्ज करता येतो. पण जिल्हा न्यायालयाचे प्रोबेट साधारणपणे त्या राज्यापुरतेच चालते. राज्याबाहेरच्या मालमत्तेसाठी त्याला असलेली सवलत फक्त १०,००० रुपये मूल्यापर्यंतची आहे, म्हणजे आजच्या भावात काहीच नाही. उच्च न्यायालयाने दिलेले प्रोबेट, त्यात वेगळे लिहिले नसेल तर, देशभर चालते (कलम २७३). म्हणून बेळगावच्या प्लॉटसाठी मुंबई उच्च न्यायालयात एकच अर्ज करणे शहाणपणाचे. मालमत्तेच्या यादीत बेळगावचा प्लॉट लिहायला विसरू नका.

११. एक्झिक्युटर महाराष्ट्रात येऊच शकत नाही. त्याच्या वतीने दुसऱ्या कोणाला न्यायालयात जाता येईल का?

हो. याच अडचणीसाठी कलम २४१ आहे आणि ते फारसे कोणाला माहीत नसते. ज्या राज्यात अर्ज करायचा तिथे एक्झिक्युटर नसेल आणि काम करायला तयार असा दुसरा एक्झिक्युटरही त्या राज्यात नसेल, तर त्याच्या मुखत्याराला मृत्युपत्राच्या प्रतीसह व्यवस्थापनपत्र, म्हणजे मृताची मालमत्ता सांभाळण्याचे न्यायालयाचे अधिकारपत्र, मिळू शकते. हे मुखत्याराच्या हितासाठी नसते, मूळ एक्झिक्युटरसाठी असते, आणि तो स्वतः येऊन प्रोबेट घेईपर्यंतच टिकते. एरवी व्यवस्थापनपत्र घेणाऱ्याला जामीनदारासह बंधपत्र द्यावे लागते. कलम २९१ ने २४१ खालच्या प्रकरणांना त्यातून वगळले आहे.

अट नीट वाचा : तुम्ही दोन एक्झिक्युटर नेमले असतील आणि त्यातला एक पुण्यातच तयार बसला असेल, तर लांबच्या एक्झिक्युटरच्या मुखत्याराला हा मार्ग नाही.

येणे अवघड आहे पण अगदी अशक्य नाही, अशांनी हा मार्ग धरण्यापूर्वी वकिलाला विचारावे. बिनविरोध प्रकरणात एक्झिक्युटर आपल्या गावी अर्जावर व प्रतिज्ञापत्रावर सही करून कागद पाठवू शकतो. प्रत्यक्ष यावे लागते ते फार थोड्या तारखांना. स्वतःच्या नावाचे प्रोबेट केव्हाही जास्त सोयीचे.

१२. मुखत्यारपत्र कुठे करायचे? बेंगळुरूचा नोटरी चालेल का?

काम कोणते यावर ठरते. बँकेत कागद देणे, सोसायटीत अर्ज करणे यांसाठी नोटरीसमोर केलेले मुखत्यारपत्र सहसा चालते. पण मुखत्यार एक्झिक्युटरच्या वतीने दुय्यम निबंधकासमोर दस्त नोंदणीला हजर करणार असेल तर नोंदणी अधिनियमाचे कलम ३३ पाहावे लागते. एक्झिक्युटर भारतात राहत असेल तर ते मुखत्यारपत्र तो जिथे राहतो तिथल्या निबंधकासमोर किंवा दुय्यम निबंधकासमोर करून प्रमाणित केलेले हवे. बेंगळुरूच्या माणसाने ते बेंगळुरूच्या दुय्यम निबंधकाकडे करायचे. नोटरीच्या शिक्क्याचे मुखत्यारपत्र घेऊन पुण्याच्या कार्यालयात गेलेला मुखत्यार खरेदीदारासमोरच परत पाठवला जातो.

परदेशातून करताना दोन वाटा आहेत. एक, भारतीय वकिलातीत जाऊन अधिकाऱ्यासमोर सही. दोन, तिथल्या नोटरीसमोर सही आणि त्यावर अपोस्टील, म्हणजे कागद दुसऱ्या देशात मान्य व्हावा म्हणून तिथल्या सरकारने दिलेला दाखला. मग मूळ कागद कुरिअरने महाराष्ट्रात येतो आणि राज्यात पहिल्यांदा आल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरावे लागते. मुदत मोजायची ती सहीच्या तारखेपासून नाही, कागद इथे पोचल्यापासून. म्हणून कुरिअरचा लिफाफा फेकू नका. त्यावरची पोचण्याची तारीख हाच पुरावा.

मजकुरात ‘स्वतः’ आणि ‘एक्झिक्युटर’ या दोन भूमिका वेगळ्या लिहा. ‘कैलासवासी अमुक यांच्या मृत्युपत्राची व्यवस्थापक या नात्याने’ हे शब्द नसतील तर मुखत्यारपत्र एक्झिक्युटरच्या स्वतःच्या मालमत्तेपुरतेच आहे, असा अर्थ निघतो. आणि काय सोपवायचे याला मर्यादा आहे. कागद देणे, सही केलेला दस्त नोंदणीला हजर करणे, पाठपुरावा हे सोपवता येते. कोणते देणे खरे मानायचे, घर कोणाला व किती किमतीला विकायचे, हे निर्णय एक्झिक्युटरचेच.

१३. वडिलांनी हयातीत मला मुखत्यारपत्र दिले होते. ते वापरून घर विकता येईल का?

नाही. देणाऱ्याच्या मृत्यूबरोबर ते संपते. नोंदणीकृत असले तरी संपते.

१४. खात्यावर आणि फ्लॅटवर धाकट्या भावाचे नॉमिनेशन आहे, मृत्युपत्रात मात्र सगळे तिघांत वाटले आहे. कोणाचे चालेल?

मृत्युपत्राचे. नॉमिनी पैसे स्वीकारतो, पण वारसांसाठी. सर्वोच्च न्यायालयाने विम्याबाबत १९८४ मध्ये (विमा कायद्यातल्या २०१५ च्या बदलापूर्वी) आणि शेअर्सबाबत डिसेंबर २०२३ मध्ये हेच सांगितले आहे. महाराष्ट्राच्या सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम १५४ब-१३ प्रमाणे नॉमिनीला गृहनिर्माण संस्थेत तात्पुरते सभासदत्व मिळते.

तरीही व्यवहारात नॉमिनी हाच लांबच्या एक्झिक्युटरचा सर्वांत मोठा मदतनीस असतो किंवा सर्वांत मोठी डोकेदुखी. बँक त्याला पैसे देऊन मोकळी होते आणि मग ते त्याच्याकडून मिळवण्याचे काम एक्झिक्युटरवर येते. म्हणून मृत्युपत्र करताना नॉमिनेशन त्याच्याशी जुळवून घ्या. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चार नॉमिनी, टक्केवारीसह, ठेवता येतात. तिघांत वाटणी असेल तर तिघांची नावे घाला.

१५. सातबाऱ्यावर नाव लावायला एक्झिक्युटरने यावे लागेल का? आणि घर विकायचे असेल तर कराचे काय?

सातबाऱ्याचा अर्ज ज्याला जमीन मिळणार तो लाभार्थीही करू शकतो. हक्क मिळाल्यापासून तीन महिन्यांच्या आत तलाठ्याला, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याला, कळवायचे. तो फेरफार नोंद धरतो, हितसंबंधितांना नोटिसा जातात, हरकतीसाठी पंधरा दिवस असतात, मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. हरकत आली तर प्रकरण तक्रारीत जाते आणि तारखा सुरू होतात. त्या तारखांसाठी स्थानिक मुखत्यार हवाच. शहरातल्या मिळकत पत्रिकेसाठी नगर भूमापन कार्यालय. फेरफार म्हणजे मालकी नव्हे. मृत्युपत्र खरे की खोटे हे महसूल अधिकारी ठरवत नाहीत.

कराच्या बाबतीत एक गोष्ट परदेशी राहणाऱ्यांनी आधीच ध्यानात घ्यावी. वारशाने मिळाले म्हणून भारतात कर नाही, मृताच्या मालमत्तेवर लागणारे मालमत्ता शुल्क १९८५ मध्येच संपले. पण वाटप होईपर्यंत मालमत्तेचे उत्पन्न एक्झिक्युटरच्या हाती वेगळे आकारले जाते, त्याच्या स्वतःच्या उत्पन्नात मिसळत नाही. आणि त्या कामापुरता तो निवासी की अनिवासी हे त्याच्यावर नाही, मृत व्यक्ती मृत्यूच्या वर्षी निवासी होती की नाही यावर ठरते. म्हणजे वडील पुण्याचे निवासी असतील तर अमेरिकेतली मुलगी एक्झिक्युटर म्हणून घर विकताना निवासी धरली जाते. तेच घर आधी तिच्या नावे करून मग विकले तर ती अनिवासी विक्रेती. खरेदीदाराला एक टक्क्याऐवजी अनिवासींच्या दराने कर कापावा लागतो आणि मोठी रक्कम विवरणपत्र भरेपर्यंत अडकते. आधी विक्री की आधी हस्तांतर, हे सनदी लेखापालाला विचारूनच ठरवा. आलेली रक्कम अनिवासी वारसाच्या एनआरओ खात्यातून (अनिवासींचे भारतातले रुपयांचे खाते) एका आर्थिक वर्षात दहा लाख डॉलरपर्यंत बाहेर नेता येते.

१६. मला एक्झिक्युटर व्हायचे नाही. नकार कसा देऊ? माझा हिस्सा जाईल का?

न्यायाधीशासमोर तोंडी किंवा सही केलेल्या लेखी नकाराने मोकळे होता येते (कलम २३०). तो दिला की परत फिरता येत नाही. आणि एकदा मालमत्तेला हात घातला, म्हणजे भाडे घेतले, देणी फेडली, तर नंतर नकार देणे अवघड होते. म्हणून ठरवायचे ते सुरुवातीलाच.

हिश्श्याची खोच इथे आहे. कलम १४१ प्रमाणे एक्झिक्युटर म्हणून नेमलेल्याला मृत्युपत्राने काही ठेवले असेल, तर त्याने मृत्युपत्र शाबीत केल्याशिवाय किंवा एक्झिक्युटर म्हणून काम करण्याचा इरादा दाखवल्याशिवाय ते त्याला मिळत नाही. लांब राहणारा मुलगा ‘माझ्याने होणार नाही’ म्हणून बाजूला झाला की भावंडे याच कलमावर बोट ठेवू शकतात. उपाय मृत्युपत्र करणाऱ्याच्या हातात आहे. एकच वाक्य घाला : ‘व्यवस्थापकपद स्वीकारले अथवा नाकारले तरी त्याला दिलेला हिस्सा कायम राहील.’ प्रत्येक मृत्युपत्रात ते असावे, असे आम्हाला मनापासून वाटते.

१७. एक्झिक्युटर परगावी बसून काहीच करत नाही. आम्ही लाभार्थींनी काय करावे?

पहिले लेखी पत्र, पोचपावतीसह. मग न्यायालयामार्फत त्याला विचारणा करता येते : स्वीकारतोस की नाकारतोस? (कलम २२९). दिलेल्या मुदतीत स्वीकारले नाही तर उर्वरित मालमत्तेच्या लाभार्थ्याला (बाकीचे वाटून उरलेले ज्याला ठेवले आहे त्याला) मृत्युपत्रासह व्यवस्थापनपत्र मागता येते. प्रोबेट घेऊन मग गप्प बसला असेल तर लक्षात ठेवा : प्रोबेटपासून सहा महिन्यांत मालमत्तेची यादी आणि एका वर्षात हिशेब न्यायालयात द्यायचा असतो (कलम ३१७). उच्च न्यायालय एक्झिक्युटरला निलंबित किंवा दूर करू शकते (कलम ३०१). मात्र मृत्यूनंतरचे पहिले वर्ष त्याला द्यावे लागते. त्याआधी मृत्युपत्रातले हिस्से वाटायला तो बांधलेला नाही.

१८. आमचे मूळ गोव्याचे, मुलगा पुण्यात. हेच नियम लागतील का?

नाही. गोव्यात उत्तराधिकार, विशेष नोटरी व वाटणी कार्यवाही अधिनियम, २०१२ लागतो. मुले किंवा आईवडील हयात असतील तर आपल्या मालमत्तेच्या अर्ध्या भागाचेच मृत्युपत्र करता येते. उरलेला अर्धा त्यांचा राखीव. विवाहितांत तर आधी पती-पत्नीच्या समाईक मालमत्तेतला जोडीदाराचा अर्धा बाजूला होतो. गोव्याचा अधिवास असलेल्या व्यक्तीच्या गोव्याबाहेरच्या मालमत्तेलाही तिथलाच वारसा कायदा लागतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये ठरवले आहे. पुण्यात फ्लॅट आहे म्हणून महाराष्ट्राच्या पद्धतीचे मृत्युपत्र करून टाकू नका.

१९. आम्ही अमेरिकेत स्थायिक आहोत. तिथले मृत्युपत्र आहे, ठाण्यात फ्लॅट आहे, आणि एक्झिक्युटर तिथल्याच दुसऱ्या राज्यात. काय करावे?

तिकडचे नियम राज्यागणिक वेगळे आहेत. फ्लोरिडात बाहेरच्या राज्यातला एक्झिक्युटर जवळचा नातेवाईकच असावा लागतो, जिवलग मित्र चालत नाही. टेक्सासमध्ये त्याला राज्यातला प्रतिनिधी नेमावा लागतो. तिथल्या वकिलाला हा प्रश्न नेमका विचारा.

ठाण्याच्या फ्लॅटसाठी भारतापुरते वेगळे मृत्युपत्र आणि इथला वेगळा एक्झिक्युटर, हा सोपा मार्ग. तसे नसेल तर अमेरिकेत शाबीत झालेल्या मृत्युपत्राची रीतसर प्रमाणित प्रत घेऊन कलम २२८ खाली इथे व्यवस्थापनपत्र मिळते, पण वेळ जातो. दोन मृत्युपत्रे करताना दोन्हींतले रद्द करण्याचे वाक्य तपासा. ‘यापूर्वीची माझी सर्व मृत्युपत्रे रद्द’ हे ठरीव वाक्य नंतरच्या मृत्युपत्रात राहिले तर आधीचे पुसले जाते. भारतातल्या मृत्युपत्रात असे लिहा : ‘हे मृत्युपत्र फक्त माझ्या भारतातील मालमत्तेपुरते असून माझे भारताबाहेरील मालमत्तेबाबतचे मृत्युपत्र याने रद्द होत नाही.’ आणि पुढच्या वेळी अमेरिकेतले मृत्युपत्र नव्याने कराल तेव्हा तिथल्या वकिलाला भारतातल्या मृत्युपत्राची प्रत आधी दाखवा.